गच्चीवर झुकिनी लावलीय, फुलंच फुलं, फळ एक धरंना! सोलापुरात कुणी काढलीय का?

गच्चीवरची_सून
१६ मार्च, सकाळी १०:४०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही जुळे सोलापुरात राहतो, दुसऱ्या मजल्यावर मोकळी गच्ची आहे. तीन वर्षं झाली, मेथी, कोथिंबीर, वांगी, मिरच्या आणि एक दोडक्याचा वेल एवढं घरचं निघतं. यंदा हौस म्हणून झुकिनी लावली, भोपळ्याच्या कुळातली ती परदेशी भाजी, तेच ते समर स्क्वॅश. व्हिडिओत एक गोरी बाई टोपल्या भरभरून काढत होती आणि नावातच समर आहे म्हटल्यावर मला वाटलं आपल्याकडं उन्हाळ्याला काय तोटा, २ फेब्रुवारीला बिया घातल्या. ऑनलाइन पाकीट मागवलं होतं, दहा बिया, सहा उगवल्या, चार जगल्या. दोन रंगाच्या २० लिटरच्या बादलीत आणि दोन मोठ्या ग्रो बॅगेत.

पानं सुपाएवढी झालीत, तजेलदार, फक्त शिरांच्या बाजूनं पांढरे चट्टे आहेत. आठ दिवसांपासून रोज सकाळी चार-पाच पिवळीधमक फुलं येतात, दहापर्यंत मिटतात आणि दुसऱ्या दिवशी देठासकट गळून पडतात. फळ म्हणून एक नाही. सासूबाई रोज संध्याकाळी वर येतात, बघतात आणि "नुसता फुलोरा हाय गं" म्हणून खाली जातात. काय चुकतंय? खत कमी पडतंय का? आणि ते चट्टे म्हणजे भुरी रोग का?

कडक_भाकरी
१६ मार्च, सकाळी ११:०२

ताई फुलाच्या मागं बघा, बोटाएवढी बारकी झुकिनी दिसतीय का. नुसता लांब दांडा असला तर ते नर फूल. नराला फळ लागत नसतंय, पोत्यानं खत घातलं तरी.

गच्चीवरची_सून
१६ मार्च, दुपारी १२:३०

आत्ता उन्हात वर जाऊन बघून आले. सगळ्यांना नुसते दांडे! एकाही फुलामागं काही नाही. म्हणजे चारही झाडं नर निघाली की काय? बियाच फसव्या दिल्या का?

निवृत्त_कृषी
१६ मार्च, दुपारी ४:१५

सूनबाई, बियांना दोष देऊ नका, झाडं नर नाहीत. पपईत नर झाड वेगळं मादी झाड वेगळं असतं, भोपळ्याच्या कुळात तसं नाही, एकाच झाडावर दोन्ही फुलं येतात. आधी नर येतात, मादी फुलं आठ-दहा दिवस मागून. दोडक्याला, काकडीला पण असंच होतं, पण तिथं फुलं बारीक असतात म्हणून आपलं लक्ष जात नाही, इथं फूल पंजाएवढं असल्यामुळं रोज जीव खालीवर होतो.

पण खरी गोष्ट पुढं आहे, जरा लांबण लावतो. या पिकाचं फळ कोवळं, साल नखानं टोचेल अशा अवस्थेत तोडतात, ते टिकत नाही, तिकडं थंड देशांत उन्हाळ्यातच काढून खाऊन संपवायचं म्हणून समर स्क्वॅश. पिकू देऊन, साल टणक झाल्यावर तोडून जे हिवाळाभर ठेवतात ते विंटर स्क्वॅश. म्हणजे समर हा त्यांचा समर. त्यांच्याकडं २५-२८ डिग्री झाली की उन्हाळा, आपल्याकडं तेवढं डिसेंबरात दुपारी असतं. थंड हवा आणि लहान दिवस असले की या झाडाला मादी फुलं जास्त येतात, दिवस मोठा आणि हवा तापली की नरच नर. शिवाय पारा ३५ च्या वर गेला की पराग कमजोर पडतात, मादी आली तरी धरत नाही. तुम्ही फेब्रुवारीत पेरून झाडाला नेमकं मार्च-एप्रिलच्या तोंडी दिलंत. सोलापुरात हे दसरा-दिवाळीचं पीक आहे, उन्हाळ्याचं नव्हे.

युरिया अजिबात घालू नका. सुपाएवढी पानं म्हणताय म्हणजे नत्र आधीच भरपूर झालंय.

विजापूर_रोड
१६ मार्च, संध्याकाळी ६:५०

चट्ट्यांचं कुणी सांगितलंच नाही. शिरांच्या कोनात चंदेरी ठिपके असतील आणि बोटानं पुसून जात नसतील तर ती भुरी नाही, झुकिनीच्या कित्येक जातींत पानावर तसे असतातच. मी मागच्या वर्षी त्यावर तीन वेळा औषध मारलं, काही जाईना, मग पाकिटावरचा फोटो बघितला तर फोटोतल्या पानावर पण तेच. भुरी असली तर पीठ भुरभुरल्यासारखी दिसते आणि बोटाला लागते.

गच्चीवरची_सून
१६ मार्च, रात्री ८:१०

पुसून बघितलं, जात नाहीत! एक काळजी गेली. काका एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. पण आता आलीच आहेत झाडं तर उपटवत नाही हो. काही करून एक तरी फळ बघायचंय.

सोलापूर_टू_न्यूजर्सी
१७ मार्च, पहाटे ५:२०

मूळ मुरारजी पेठेतला, सध्या न्यूजर्सीत. इथं उलटा प्रॉब्लेम आहे. मे अखेरीस दोन रोपं लावली की जुलै-ऑगस्टला एवढी येते की लोक शेजाऱ्यांना देऊन देऊन थकतात. ८ ऑगस्टला शेजाऱ्याच्या दारात गुपचूप झुकिनी ठेवून यायचा दिवस पण पाळतात, मस्करीत. पण इथं एक अळी आहे, खोडात शिरून आतून पोखरते, काल ताठ असलेलं झाड आज आडवं, ती आपल्याकडं नाही. त्यामुळं इथल्या व्हिडिओत खोडाला फॉइल गुंडाळा वगैरे दाखवतात ते तुम्ही सोडून द्या.

कडक_भाकरी
१७ मार्च, सकाळी ९:००

फॉइल गुंडाळली तर सोलापूरच्या उन्हात आतल्या आत भाजीच व्हायची. डायरेक्ट ताटात.

गच्चीवरची_सून
२४ मार्च, सकाळी ८:३५

मादी आली!! दोन. मागं बोटाएवढी झुकिनी, कळीसकट. मी उड्या मारल्या. आज सकाळी एक उमललं होतं. आता काय करू, आपोआप होतं की हात लावावा लागतो? गच्चीवर मधमाशी अशी दिसत नाही, एक भुंगा फिरतो तो जास्वंदीवरच असतो.

विजापूर_रोड
२४ मार्च, सकाळी ८:५०

हातानंच करा आणि आत्ता करा, वाट बघत बसू नका. ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या सोलून काढा, मधली पिवळी काडी राहील, तिला बोट लावलं तर पिवळी पूड लागली पाहिजे. ती मादी फुलाच्या मधल्या भागावर सगळीकडून हलकेच फिरवायची. त्या मधल्या भागाला तीन-चार फोडी असतात, सगळ्या फोडींना लागलं पाहिजे. एका मादीला दोन नर वापरा, कंजुषी नको. सहा ते आठची वेळ बेस्ट, साडेनऊनंतर काही उपयोग नाही.

मोहोळचा_मालदांडी
२४ मार्च, सकाळी ९:४०

हे असलं हातानं लगीन लावायचं आमच्यात कधी बघितलं नव्हतं. आमच्या रानात भोपळा बांधावर टाकतो, पाऊस पडला की आपोआप पसरतो आणि दसऱ्यापर्यंत पंधरा-वीस भोपळे पडलेले असतेत. माशा येतेत, करतेत त्यांचं त्या. बांधाला लिंबाचं झाड हाय, त्यावर मोहोळ. तुम्ही शहरातली माणसं गच्चीवर जाऊन काय करलालाव काय की, पण छान चाललंय, चालू द्या.

निवृत्त_कृषी
२४ मार्च, दुपारी २:००

मालदांडी बरोबर बोलताहेत, रानात हाताची गरज नाही. सातेरी, फुलोरी, आग्या सगळ्या माश्या भोपळ्याच्या फुलावर येतात. पण एका मादी फुलाला एक माशी एकदा येऊन भागत नाही, बऱ्याच खेपा व्हाव्या लागतात, कारण पराग मोठे आणि चिकट असतात आणि आत बिया पण भरपूर धरायच्या असतात. खेपा कमी पडल्या की फळ देठाकडं फुगतं, टोकाकडं बारीक राहतं आणि पिवळं पडून कुजतं. लोक त्याला रोग समजून औषधं मारतात.

पुढच्या खेपेला एका कुंडीत झेंडू, एकीत तुळस आणि जमलं तर चार करडईची झाडं ठेवा. करडईला माश्या भरपूर येतात आणि बी आपल्या जिल्ह्यात कुठंही मिळेल.

हिप्परग्याची_ताई
२५ मार्च, सकाळी ७:१५

मी गप्प राहून वाचत होते पण एक सांगावंसं वाटलं. जी नर फुलं जास्तीची आहेत ती गळून जायची वाट नका बघू. सकाळी तोडा, आतली काडी काढा, मुंगी असती ती झटका, आणि बेसनात बुडवून भजी करा. शेजारच्या तेलुगू मावशी भोपळ्याला गुम्मडिकाया म्हणतात, त्यांच्याकडून शिकले मी ही भजी. ओवा आणि थोडं तांदळाचं पीठ घातलं की कुरकुरीत राहतात. परागासाठी रोज तीन-चार फुलं झाडावर ठेवायची, बाकी कढईत.

गच्चीवरची_सून
३० मार्च, रात्री ९:३०

अपडेट. दोन्ही मादींना हातानं केलं. पहिली तीन दिवसांत पिवळी पडून गळली. दुसरी धरली! आज चांगली वाढलीय. भजी पण केली, सासूबाईंनी चार खाल्ली आणि म्हणाल्या असंच असेल तर फळ नाही आलं तरी चालतंय. पण झाडाचं काही खरं वाटत नाही, दुपारी बारा वाजले की पानं एकदम मान टाकतात, छत्री मिटल्यासारखी. मी लगेच बादलीभर पाणी घालते.

निवृत्त_कृषी
३० मार्च, रात्री १०:०५

दुपारचं पाणी बंद करा! ही पानं एवढी मोठी आहेत की मुळं पाणी खेचतात त्यापेक्षा पानातून जास्त उडतं, म्हणून ते मान टाकतं. संध्याकाळी सहाला परत ताठ झालं तर झाड ठीक आहे, काही करू नका. सकाळी उठून बघितलं आणि तेव्हाही पान लोळलेलं असेल तर मात्र पाणी कमी पडतंय, नाहीतर मूळ कुजलंय. तुम्ही दुपारी बादलीभर ओतत राहिलात तर मूळच कुजेल. सकाळी एकदा खोलवर द्या, बुडाच्या भोकातून थेंब आला की पुरे.

वर पाचट टाका. जिल्ह्यात एवढे साखर कारखाने, उसाच्या पाचटाला तोटा नाही. मिळालं नाही तर नारळाच्या शेंड्या. आणि दुपारच्या उन्हाला हिरवी जाळी बांधा, पन्नास टक्के ऊन अडवणारी.

बाळे_नाका
३१ मार्च, सकाळी १०:१०

पाण्यावरून आठवलं, आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसाआड पाणी, ड्रम भरून ठेवायचे. प्यायचं, धुण्याचं झालं की उरेल ते झाडाला. त्यात बोअरचं पाणी एवढं क्षाराचं की कुंडीच्या कडेला पांढरी पुटं चढतात. अशात झुकिनी म्हणजे श्रीमंती झाली की हो. मी तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी, भाज्या धुतलेलं पाणी बाजूला ठेवतो, त्यावर दोन वांगी आणि एक दुधी जगतो. झुकिनीला किती लागतं रोजचं?

गच्चीवरची_सून
३१ मार्च, सकाळी ११:००

आत्ता उन्हाळ्यात एका झाडाला चार लिटर तरी सहज जातंय. चार झाडं म्हणजे १६. दादा तुमचं पटतं, माझ्या नवऱ्यानं पण काल हाच हिशोब मांडला आणि एका झुकिनीला किती ड्रम पडले ते विचारलं. मी उत्तर दिलं नाही.

गच्चीवरची_सून
४ एप्रिल, सकाळी ९:००

तोडली! पहिली आणि एकच. सहा इंच, २२० ग्रॅम. काळं तिखट, लसूण, शेंगदाण्याचा कूट घालून परतली. सगळ्यांच्या वाट्याला दोन-दोन चमचे आली. सासरे म्हणाले दुधीच आहे, सासूबाई म्हणाल्या काकडी शिजवलीस काय, मुलगा म्हणाला पिझ्झावर टाक.

कडक_भाकरी
४ एप्रिल, सकाळी ९:२०

भाकरी कुणाची होती ते सांगा.

गच्चीवरची_सून
४ एप्रिल, सकाळी ९:२२

ज्वारीचीच, आणि मऊ. कडक फोडायला इथं दात कुणाचे शाबूत आहेत.

गच्चीवरची_सून
१९ एप्रिल, संध्याकाळी ७:४५

संपलं. तापमान चाळिसाच्या वर गेल्यापासून एक मादी फूल आलं नाही. वरून नारिंगी-लाल भुंगे आले, मुगाएवढे, पानाला गोल गोल भोकं पाडून चाळण केली. आज दोन झाडं उपटली, दोन उद्या.

निवृत्त_कृषी
१९ एप्रिल, रात्री ८:३०

तो लाल भुंगा. भोपळा, काकडी, दोडका, कुणालाच सोडत नाही, रोप लहान असताना तर दोन दिवसांत फस्त करतो. त्याची अळी मातीत राहून मुळं खाते म्हणून उपटलेल्या झाडांची माती तशीच वापरू नका, पसरून मे महिन्याच्या उन्हात चांगली तापू द्या. आपलं ऊन कधी नव्हे ते कामाला येईल. पुढच्या वेळी सकाळी अगदी लवकर बघायचं, गारव्यात ते सुस्त असतात, हातानं गोळा करून साबणाच्या पाण्यात टाकायचे. जुनी माणसं चुलीची राख पानावर उडवायची, तीही चालते.

आणि जीव लहान करू नका. दसऱ्याला परत बोलू.

गच्चीवरची_सून
२० ऑक्टोबर, सकाळी ८:००

काका, धागा वर काढतेय. दसऱ्याला पेरल्या, सगळ्या पाच उगवल्या, आज तिसरं पान आलंय. या वेळी ग्रो बॅग मोठ्या घेतल्या, १८ बाय १८ इंची. माती अर्धी, शेणखत तीन हिस्से, कोकोपीट दोन, आणि बॅगेला दोन मुठी निंबोळी पेंड. बी उभं न खुपसता आडवं टाकलं, इंचभर खोल, आणि जागच्या जागी, कपात रोप करून हलवलं नाही कारण मागच्या वेळी जी दोन मेली ती हलवलेलीच होती. एका बॅगेत एकच झाड. मागं दोन ठेवली होती, पानात पान अडकून हात घालायला जागा राहिली नव्हती.

निवृत्त_कृषी
२० ऑक्टोबर, सकाळी १०:४०

माझ्याकडून पूर्ण मार्क. फुलं लागली की शेंगदाणा पेंड दोन दिवस भिजवून, पाणी दहापट पातळ करून पंधरवड्यातून एकदा द्या. लाकडी घाण्यावर पेंड मिळते. वास येईल, शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

लालभोपळा_प्रेमी
२२ ऑक्टोबर, दुपारी १:१०

नवीन आहे इथं. एक शंका, घरात लाल भोपळ्याचा वेल आहे, झुकिनीला नर फूल नसेल त्या दिवशी भोपळ्याचं नर फूल लावलं तर चालेल का?

विजापूर_रोड
२२ ऑक्टोबर, दुपारी ३:००

त्यावर भरवसा ठेवू नका. शास्त्रीय नावानं झुकिनी ही कुकुर्बिटा पेपो, आणि आपला लाल भोपळा बहुतेक कुकुर्बिटा मोशाटा, जात वेगळी, सहजासहजी जमत नाही. पेपो हे मूळचं मेक्सिकोकडचं, तिथल्या ग्विला नाकित्झ नावाच्या गुहेत त्याच्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्यात. झुकिनी हा त्यातला इटलीत घडवलेला प्रकार. उत्तरेत याचाच भाऊ चप्पन कद्दू म्हणून लावतात, लुधियानाच्या कृषी विद्यापीठाची पंजाब चप्पन कद्दू-१ आहे, दिल्लीच्या आयएआरआय या कृषी संशोधन संस्थेची पुसा अलंकार आहे.

गच्चीवरची_सून
२६ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

मंडळी!!! आज सकाळी एकदम सहा मादी उमललेल्या आणि नर दोनच! मार्चमध्ये उलटं होतं. काका म्हणाले होते तसंच. दोन नर सहा जणींत वाटले. चार तरी धरतील असं वाटतंय. आणि झेंडूवर सकाळी माश्या येतायत, बारक्या, त्या इकडं पण फिरतात.

हिप्परग्याची_ताई
२६ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

आता भजी बंद म्हणायची की.

बाळे_नाका
१२ डिसेंबर, रात्री ९:००

तुमचं बघून मी पण दिवाळीला एकच लावली, फुटक्या ड्रमचा खालचा अर्धा भाग कापून त्यात. थंडीत पाणी निम्म्यावर आलं, दोन लिटरात दिवस भागतो. पण आता पानावर पीठ पडल्यासारखं झालंय आणि बोटाला लागतंय. म्हणजे खरी भुरी ना? गंधक मारू का, द्राक्षबागायतदार मित्राकडं आहे.

निवृत्त_कृषी
१२ डिसेंबर, रात्री ९:४०

खरी भुरी. गंधक जपून, भोपळ्याच्या कुळातली कोवळी पानं गंधकानं भाजतात, हवा तिशीच्या वर असेल तर नक्कीच. घरगुती सांगतो. सगळ्यात खालची, जास्त पांढरी पडलेली पानं कापा, जमिनीला टेकणारं एकही ठेवू नका, हवा खेळू दे. मग दूध. हसू नका, गाईचं दूध एक भाग आणि पाणी नऊ भाग, सकाळच्या उन्हात दोन्ही बाजूंनी फवारायचं, आठवड्यातून एकदा-दोनदा. ब्राझीलमध्ये नेमका झुकिनीच्या भुरीवरच हा प्रयोग करून १९९९ मध्ये छापलेला आहे. नुसती सुरुवात असेल तर उपयोग होतो, पूर्ण झाड पांढरं झाल्यावर नाही.

मोहोळचा_मालदांडी
१३ डिसेंबर, सकाळी ६:३०

दूध झाडाला! दुधाचा भाव आम्हाला मिळतोय तो बघितला तर खरंच झाडाला घातलेलं परवडतंय.

बाळे_नाका
२१ डिसेंबर, सकाळी १०:००

अर्धा पेला दुधात दोनदा फवारणी झाली. नवीन पानं स्वच्छ आहेत. जुनी कापली. मांजर मात्र झाडाखालून हलत नाही.

लालभोपळा_प्रेमी
२८ डिसेंबर, संध्याकाळी ५:००

माझी पहिली झुकिनी आली पण कडू! एकदम कडूजहर, जिभेला लावून थुंकली. मीठ लावून पिळून काढली तर चालेल का? बी एका ओळखीच्यांनी दिलं होतं, त्यांच्या घरच्या फळातलं काढलेलं, त्यांच्याकडं शोभेचे रंगीत भोपळे पण असतात.

निवृत्त_कृषी
२८ डिसेंबर, संध्याकाळी ५:१२

खाऊ नका. पिळून, शिजवून, कशानंही चालणार नाही. टाकून द्या आणि ते झाडच उपटा. या कुळात कुकुर्बिटासिन नावाचं कडू विष असतं, लागवडीच्या जातींतून ते घालवलेलं आहे, पण शोभेच्या भोपळ्याशी संकर झालेलं बी असलं तर परत येतं. झुकिनी आणि शोभेचे बारके भोपळे पुष्कळदा एकाच जातीचे असतात, त्यांचा संकर लगेच होतो. जर्मनीत २०१५ मध्ये शेजाऱ्याच्या बागेतल्या कडू झुकिनीची भाजी खाऊन एक ७९ वर्षांचे गृहस्थ दगावले. आपल्याकडं कडू दुधीच्या रसानं माणसं गेलीत, आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेला त्यावर समिती नेमावी लागली होती. तोडल्यावर एक चकती कापून जिभेच्या टोकाला लावायची, कडू लागली तर फेकायची, घरातल्यांना वाया गेलं असं वाटलं तरी.

लालभोपळा_प्रेमी
२८ डिसेंबर, संध्याकाळी ५:२०

बापरे. टाकली. झाड पण उपटतोय आत्ताच. धन्यवाद काका.

गच्चीवरची_सून
११ जानेवारी, रात्री १०:१५

गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची, गडबड चालू आहे, घरात पाहुणे आहेत, म्हणून उशिरा लिहितेय. पाच झाडांवरून आतापर्यंत ३४ झुकिनी निघाल्या, वहीत लिहून ठेवतेय. परागीकरण केल्यापासून पाचव्या-सहाव्या दिवशी तोडायला येते, सहा-सात इंचाला तोडली की चव छान आणि झाड पुढची लगेच धरतं. दोन दिवस दुर्लक्ष केलं तर फुगत जाते. परवा पानाखाली एक लपलेली सापडली, दीड फूट, पावणेदोन किलो, साल कडक. तेवढे दिवस त्या झाडानं नवीन एक पण धरली नाही, सगळा जीव त्या एकीत. तिचा मधला गाभा आणि बिया काढून, किसून, मीठ लावून पाणी पिळलं आणि ज्वारी-बेसनाचं थालीपीठ लावलं, अकरा माणसांना पुरलं. शेंगा चटणी आणि दही. कुणालाही कळलं नाही कशाचं आहे.

फळमाशीनं पाच-सहा नासवल्या, सालीला बारीक टोचल्याची खूण आणि आत अळ्या. क्यू-ल्युरचा, म्हणजे वासानं माशी ओढून घेणारा, सापळा लावला आणि धरलेल्या फळाला जुन्या नायलॉन ओढणीची पिशवी बांधली, तेव्हापासून नाही. नासकी फळं मी आधी कुंडीतच पुरत होते, काकांनी फोनवर रागावून बंद करायला लावलं, अळी मातीत कोषात जाते म्हणे. आता गच्च बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत उन्हात ठेवते.

नवऱ्यानं ड्रमचा हिशोब विचारणं सोडलंय. आता विचारतो की आज पण हीच का.

सोलापूर_टू_न्यूजर्सी
१२ जानेवारी, पहाटे ४:४०

आता तुम्हाला ८ ऑगस्टचा अर्थ कळला असेल! फक्त तुमचा ८ ऑगस्ट संक्रांतीला येतो.

कडक_भाकरी
१२ जानेवारी, सकाळी ९:३०

तिळगूळ घ्या, झुकिनी घ्या.

मोहोळचा_मालदांडी
१२ जानेवारी, दुपारी १२:००

ताई, अर्धा एकर टाकली तर मार्केट यार्डात कोण घेईल का हो? आमच्याकडं ठिबक हाय.

निवृत्त_कृषी
१२ जानेवारी, दुपारी २:२०

मालदांडी, आधी गिऱ्हाईक बघा मग बी आणा. हॉटेलवाले आणि मॉलवाले घेतात, त्यांना एका मापाची, डाग नसलेली आणि रोजच्या रोज लागते. साल एवढी नाजूक की नखाचा ओरखडा दुसऱ्या दिवशी काळा पडतो. कांद्यासारखं पोत्यात भरून नेता येणार नाही. पुण्याकडं बोलणी झाली तर दोन ओळी करून बघा, एकदम अर्धा एकर नको.

विजापूर_रोड
१३ जानेवारी, सकाळी ८:००

ताई तुमची जात चांगली निघाली. फळातलं बी ठेवणार का? मला चार द्या.

गच्चीवरची_सून
१३ जानेवारी, सकाळी ८:४५

फळातलं नाही देणार दादा, हे संकरित आहे, पुढं कसं निघेल सांगता येत नाही आणि कडूचं प्रकरण वाचल्यापासून मला भीतीच बसलीय. पण दुसरं पाकीट मागवलं होतं त्यातल्या पाच बिया शिल्लक आहेत, त्या घ्या. आत्ता पेरू नका मात्र, दसऱ्यापर्यंत हवाबंद डब्यात ठेवा.

विजापूर_रोड
१३ जानेवारी, सकाळी ९:०५

चालतंय की. रविवारी सात रस्त्याला येतोय, तिथून तुमच्याकडं येऊ का?

गच्चीवरची_सून
१३ जानेवारी, सकाळी ९:१०

या. येताना मोठी पिशवी आणा, चार झुकिनी घेतल्याशिवाय बी मिळणार नाही.